खोक्यावरची बाई

भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात आमचा छापखाना होता. छापखाना म्हणजे पुठ्ठ्याचे खोके छापायचा कारखाना. मिठाईचे, चपलांचे, औषधांचे, जे येईल त्याचे. मी तिथे कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करायची. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. गाळा अपुरा पडायला लागला म्हणून शेठनी काशीमीराला मोठं गोदाम घेतलं आणि सामान हलवायच्या आठवड्यात मला पोटमाळ्यावर पाठवलं.

"बेन, ऊपर पुराना आर्टवर्क पडा है. देख लो, काम का हो तो रखो, नहीं तो रद्दी."

वर निगेटिव्हची पाकिटं होती, गंजलेल्या प्लेट होत्या, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने बांधलेला एक चपटा गठ्ठा होता. सुतळी सुटेना म्हणून कात्रीने कापली. आत जाड पुठ्ठ्यावर पोस्टर कलरने काढलेली चित्रं होती. एकूण एकोणीस. प्रत्येकावर बटर पेपरचं पांघरूण, आणि त्यावर पेन्सिलीने मराठीत सूचना लिहिलेल्या. 'इथे लाल जास्त.' 'हे अक्षर पिवळं.' पहिल्या चित्रात विमानं एकमेकांवर गोळ्या झाडत होती, दुसऱ्यात मोटरसायकलवाले आगीतून उडी मारत होते. तिसऱ्यात जंगलात दोन सैनिक. मग रणगाडे, अवकाशयानं, एक ड्रॅगन.

ती कशाची चित्रं आहेत हे मला लगेच कळलं, कारण त्यातलं एक आमच्या घरात होतं. म्हणजे त्याचा छापील खोका. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमचं खूळ आलं होतं. त्यात प्लॅस्टिकची कॅसेट खोचायची. माझ्या धाकट्या भावासाठी बाबांनी एक आणली होती आणि आम्ही दोघं तासभर खोक्यावरचं चित्रच बघत बसलो होतो. मग कॅसेट लावली तर पडद्यावर चार चौकोन इकडून तिकडे सरकत होते. भाऊ म्हणाला, "ताई, ड्रॅगन कुठाय?" मी म्हटलं, "पुढे येईल." तो आलाच नाही. भावाला पुढे चौकोन आवडायला लागले, मला मात्र खोका आवडत राहिला.

पोटमाळ्यावर गुडघ्यांवर बसून मी ती चित्रं उलटसुलट केली. ठेवायची तर कशासाठी? ते खोके आता कोणी छापणार नव्हतं. टाकायची तर हाताला पटत नव्हतं. शेठना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "अरे, ये तो डुप्लिकेट माल का डब्बा था. पार्टी कब की भाग गई. ले जाओ, चाहिये तो."

मी रिक्षात गठ्ठा मांडीवर उभा धरून घरी आणला. पूनम सागर वसाहतीत आमचा वन बीएचके होता. नवरा, मी आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या रायगडातल्या, त्यांना घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं कारण लागायचं.

"हे कोणाचं?"

"माहीत नाही, आई."

"विकायचंय?"

"नाही."

"भिंतीवर लावणार?"

"नाही बहुतेक."

"मग आणलंस कशाला?"

मी गठ्ठा भिंतीला टेकवला. त्यांनीच दिवाणाखाली जागा करून दिली, जुनी चादर अंथरली आणि कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकल्या. चित्रं ठेवताना त्यांनी एकेक उचलून नीट बघितलं. एकापाशी थांबल्या.

त्यात एक बाई होती. पांढऱ्याशुभ्र टेकडीवर उभी, हातात तलवार, मागे लाल आभाळ आणि त्यात यान. अंगावर कपडे नावापुरतेच. छातीला एक पट्टा आणि कमरेला एक. असल्या खोक्यांवर अशा बाया असायच्याच, त्यात नवल नव्हतं. सासूबाईंनी बोट ठेवलं ते हनुवटीवर.

"हिला गोंदण कसं?"

खरंच होतं. हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. मी ते पाहिलेच नव्हते. चेहराही फिरंगी बाईचा नव्हता. रुंद कपाळ, टोचलेलं नाक, डोळे थोडे खोल गेलेले. आणि ती टेकडी मला आता टेकडी वाटेना. मिठागरात मिठाचा ढीग असतो ना, तसाच तिचा आकार होता. भाईंदरच्या खाडीकडे जाताना दोन्ही बाजूंना दिसतात तसा.

"आपल्याकडची दिसते गं," सासूबाई म्हणाल्या, "पण असल्या अवतारात का?" आणि बटर पेपर पुन्हा तिच्या अंगावर नीट ओढून घेतला.

पुढचे काही महिने त्या चित्रांचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. ऑफिसच्या मोठ्या स्कॅनरवर मी सगळी स्कॅन केली आणि सीडीवर भरून ठेवली. नवऱ्याला इंटरनेटवर एक जागा सापडली, तिथे जुने टीव्ही गेम जमवणारे लोक एकमेकांशी बोलत. तिथे आम्ही पाच-सहा चित्रं लहान करून टाकली, त्यात ती तलवारवाली बाईही होती. चार दिवसांत पुण्याहून एका गृहस्थांचा मेल आला. ते सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला होते आणि जुने गेम, त्यांचे खोके, माहितीपत्रकं असं सगळं जमवत होते. पुढच्याच रविवारी ते सकाळच्या गाडीने आमच्या घरी हजर.

आल्या आल्या त्यांनी हातात पांढरे सुती मोजे चढवले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिल्या. मग पाहुण्यांनी वास घेतला.

"डांबरगोळ्या? ताबडतोब काढा. आणि ही चादर नको. प्रत्येक चित्राला वेगळा आम्लविरहित कागद पाहिजे, मी पाठवतो. दिवाण भिंतीपासून दूर ठेवा, ओल येते. आणि काहीही झालं तरी स्वतः पुसायला जाऊ नका, रंग लावायला तर अजिबात नाही."

एवढी काळजी घेण्यासारखं हे काहीतरी आहे, याचं मला बरं वाटलं. मग त्यांनी चित्रं बघायला घेतली आणि लॅपटॉपवर दुसरी चित्रं काढून शेजारी ठेवली. विमानाचं चित्र हुबेहूब एका जपानी खोक्यावरून घेतलेलं होतं. सैनिक अमेरिकन खोक्यावरचे. ड्रॅगन दोन वेगळ्या खोक्यांवरून जोडलेला.

"म्हणजे ही नक्कल आहे?" मी विचारलं.

"हो. पण नकलेचं ओरिजिनल आहे."

"मग ते ओरिजिनल की नक्कल?"

ते हसले. "दोन्ही. खोके छापले गेले ते यावरून. आपल्याकडच्या पोरांनी पाहिलं ते हे. जपानी चित्र कोणी पाहिलं होतं इथे?"

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे किमती आहे की नाही?"

"आहेही आणि नाहीही, काकू."

त्या माझ्याकडे बघून आत गेल्या. तलवारवाल्या बाईपाशी पुण्याचे गृहस्थ बराच वेळ थांबले. तिच्यासारखं चित्र त्यांच्या लॅपटॉपमध्ये कुठेच मिळेना. "ही कुठून घेतलेली नाही," ते म्हणाले. "एकोणिसांत ही एकच खरी. ही मला द्याल का? की आधी चित्रकार शोधायचा?"

मी म्हटलं, आधी चित्रकार शोधू.

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या कारखान्यात मशीन चालवणारे एक जुने काका होते, ते नव्या गोदामातही आले होते. त्यांना विचारलं. "पेंटर? पेणकरपाड्याचा. सायकलवर यायचा, मागे पुठ्ठा प्लॅस्टिकमध्ये बांधून. आता इथेच असतो हायवेला. ट्रकवर लिहितो."

काशीमीराच्या नाक्याजवळ गॅरेजांची रांग होती. तिसऱ्या गॅरेजात ट्रकच्या मागच्या फळीसमोर पालथ्या डब्यावर एक साठीचे गृहस्थ बसले होते आणि कमळाच्या पाकळीला कड देत होते. उजव्या डोळ्याला जाड भिंग. मी म्हटलं, "पेंटरकाका, तुम्ही टीव्ही गेमच्या खोक्यांची चित्रं काढायचात ना?"

त्यांनी ब्रश थांबवला नाही. "तुमाला कुनी सांगितलं?"

मी छापखान्याचं नाव सांगितलं, चित्रं सापडल्याचं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. पाकळी पूर्ण झाल्यावर ब्रश घासलेटात बुडवला आणि म्हणाले, "ती अजून हायत? मना वाटलं, जालून टाकली असतील." मग घर कुठे आहे ते सांगितलं. "रविवारी या. दोन-तीन घेऊन या. सगली नको."

कुठली दोन-तीन न्यायची याचा मी फार विचार केला नाही. विमान, ड्रॅगन आणि ती बाई. बाई अर्थातच, कारण तिच्याबद्दलच तर विचारायचं होतं. आज वाटतं, थोडा विचार करायला हवा होता.

पेणकरपाड्यात आता चारी बाजूंनी इमारती आल्या होत्या, पण मध्ये काही बैठी घरं शिल्लक होती. त्यातल्या एकाच्या अंगणात तारेवर कपडे वाळत होते. दार उघडलं ते पेंटरकाकांच्या बायकोने, काकूंनी. हिरवं लुगडं, रुंद कपाळ, टोचलेलं नाक, हनुवटीवर तीन ठिपके.

मी दारातच उभी राहिले. माझ्या काखेत पुठ्ठ्याच्या पाकिटात तीच बाई होती, बारा वर्षं तरुण आणि जवळजवळ उघडी.

"या की आत," त्या म्हणाल्या. "उनात का उभ्या?"

आत बसले. एखादं चित्र घरी विसरल्याचं सांगावं का? पण काकांनी पाकीट माझ्या हातून घेतलंसुद्धा. विमान बघून ते हसले. "यो बघून काडला. पार्टीनं फोटो दिलता." ड्रॅगनचं पण तसंच. तिसरं चित्र निम्मं बाहेर आलं आणि ते थांबले. काकू पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं. तांब्या माझ्यासमोर ठेवला, तो पण हळूच, जराही न सांडता, आणि आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

काका बराच वेळ चित्राकडे बघत होते. भिंग काढून, पुन्हा लावून. मग म्हणाले, "रंग उडालाय गुडघ्यावर."

"हो. पण तो तसाच ठेवायला सांगितलंय मला."

"कुनी?"

"पुण्याचे एक जाणकार आहेत. त्यांचं म्हणणं, हात लावायचा नाही."

"काडलं कुनी? त्यांनी?"

मी चित्र परत घालायला पाकीट उघडून धरलं.

"ही ठेवून जा. आठ दिसांनी या. करून ठेवतो."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण चित्र त्यांचं, घर त्यांचं, आणि आत भांडी आपटत होती. मी कोण नाही म्हणणार? पण मग ती चित्रं सांभाळायला घेतली होती ती कोणी? रिक्षात बसेपर्यंत मी दोनदा परत फिरले आणि दोनदा पुन्हा पुढे गेले.

तो आठवडा वाईट गेला. पुण्याचा मेल आला होता, चित्रकार भेटला का म्हणून. मी उत्तर दिलं नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "चूक झाली असेल तर झाली. नसेल तर नाही." मी म्हटलं, "हे काय उत्तर झालं?" तो म्हणाला, "मग तूच सांग."

पुढच्या रविवारी गेले. काकांनी चित्र खाटेवर उभं करून ठेवलं होतं, वर टॉवेल. त्यांनी तो काढला.

बाईच्या अंगावर हिरवं लुगडं होतं. गुडघ्यापर्यंत चापूनचोपून नेसलेलं, काठ लाल. दंडापर्यंत चोळी. तलवार तशीच, यान तसंच, चेहरा तसाच. पण लुगडं ऑइल पेंटने केलेलं, ट्रकवर वापरतात त्या. पोस्टर कलरच्या मंद आभाळासमोर ते नुकत्याच धुतलेल्या गाडीसारखं चमकत होतं.

"काका, हे काय केलंत?" माझा आवाज चढला. "हे जपायचं होतं! जसं होतं तसं!"

"जसं होतं तसंच केलंय."

"असं नव्हतं ते!"

काकांनी मला खाली बसायला सांगितलं. त्यांचं बोलणं तुटक होतं, मध्येच थांबत होतं, पण जे कळलं ते असं. त्या वेळी पार्टीने त्यांना लढणारी बाई काढायला सांगितली. बाकी चित्रांना नमुना मिळायचा, याला नमुनाच नव्हता. काकांनी घरात बघून काढली. समोर बायको होती, हातात तलवारीच्या जागी उलथणं धरून उभी केली. लुगड्यातच काढली, मिठाच्या ढिगावर उभी. त्या वेळी त्या दोघांनाही गंमत वाटली होती. चित्र पार्टीकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं.

"बोल्ला, ये क्या मच्छीवाली बनाई? कपडा निकालो. बाहर का लगना चाहिये."

"मग?"

"मग काडला."

"तुम्ही सगळंच नवीन का नाही काढलंत? दुसऱ्या बाईचं?"

"सांजंला द्यायचं व्हतं. लुगड्यावरून अंगाचा रंग मारला. तोंड बदलायला बसलो, तर..." त्यांनी हात हवेत थोडा वेळ धरला आणि खाली घेतला. "न्हाय जमलं."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्या माझ्याशी थेट बोलल्या.

"मी तवा टेसनाजवल भाजी घेऊन बसायची. समोर खेलन्यांचा स्टॉल. तिथं एक दिस खोके टांगले. दहा-बारा. सगल्यांवर मी." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. "दोन महिने मी माझ्याच समोर बसून भाजी इकली."

"कोणी ओळखलं का?"

"कुनी न्हाय. एकानं पन न्हाय." मग म्हणाल्या, "मना वलखता येत व्हतं ना."

काकूंनी नंतर ती जागा सोडली, लांब दुसरीकडे बसायला लागल्या. कारण नवऱ्याला सांगितलं नाही. त्याला कळलं ते वर्षभराने, एक खोका घरातच चुलीत जळताना दिसला तेव्हा. त्यावर त्यांच्यात काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

घरी येऊन मी सीडी लावली. स्कॅनमध्ये गुडघ्यापाशी, जिथे रंग उडाला होता, तिथे जाऊन चित्र मोठं केलं. मी ज्याला बुरशी समजले होते तो हिरवा रंग होता. खाली लुगडं होतं. म्हणजे काका खरं सांगत होते. त्यांनी चित्र बिघडवलं नव्हतं, परत आणलं होतं. की बिघडवलंच होतं? खोक्यावर छापली गेली ती उघडी बाई. लोकांनी पाहिली ती तीच. लुगड्यातली बाई एक रात्रभर होती आणि तिला तिघा-चौघांपलीकडे कोणी पाहिलं नव्हतं. यातली जपायची कुठली? पुण्याच्या गृहस्थांना मी सगळं लिहिलं. त्यांचा फोन आला.

"तुम्ही चित्र त्यांच्याकडे ठेवून आलात?"

"हो."

"एकटं?"

"अहो, त्यांचंच आहे ते."

ते म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण संग्राहक म्हणून सांगतो, ते चित्र गेलं. आता तुमचा स्कॅन हेच ओरिजिनल. तो मला पाठवा."

स्कॅनचं मी काकूंना सांगितलंच नव्हतं. ते आठवून मला झोप लागेना. सांगितलं नाही तर त्यांना कधीच कळणार नव्हतं. त्यांना कॉम्प्युटर माहीत नव्हता. पण पुण्याला सीडी पाठवायची म्हणजे पुन्हा स्टॉलवर टांगण्यासारखंच, असंही वाटे. आणि नाही पाठवली तर? जे खरंच घडलं होतं त्याचा पुरावाच नाहीसा करण्यासारखं. ज्या दिवशी जे मनात येई ते त्या दिवशी बरोबर वाटे.

शेवटी मी पेणकरपाड्याला गेले, काका कामावर असतील अशा वेळी. काकू अंगणात सुकत घातलेली मासळी उलटत होत्या. मी सांगितलं, की जुन्या चित्राची एक नक्कल या सीडीत आहे. आणि लहान अशी एक इंटरनेटवर पण आहे.

"ते काय असतं?"

"म्हणजे... कुठूनही, कोणीही बघू शकतो."

"अजून पन?"

"हो."

त्यांनी हात लुगड्याला पुसले आणि सीडी घेतली. उलटी केली, उन्हात धरली. "यात मी हाय?"

"हो."

"दिसत न्हाय."

"मशीनमध्ये घातल्यावर दिसतं."

"काय करू हिचं?"

"तुमची आहे. मोडा, जाळा, ठेवा. पुण्याचे ते मागतायत, त्यांनाही द्यायची असेल तर द्या. तुम्ही सांगाल तसं करते."

मला वाटलं होतं, त्या तिथल्या तिथे मोडतील. किंवा रडतील. काहीतरी करतील म्हणजे मला काय करायचं ते कळेल. त्यांनी सीडी आत नेली. पेटी उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. बाहेर येऊन म्हणाल्या, "यांना नका सांगू." आणि पुन्हा मासळी उलटायला बसल्या. इंटरनेटवरच्याचं काय ते त्यांनी काहीच सांगितलं नाही. ते मीच काढायला लावलं. पुण्याच्या गृहस्थांनी ओळखीने ते उतरवलं, आणि मला लिहिलं की आपण इतिहास पुसतोय असं त्यांना वाटतं, पण इतिहासाला विचारून बघण्याची सोय या वेळी होती, हेही खरं. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांना राग आला होता की नव्हता, कळलं नाही.

उरलेली अठरा चित्रं मी दुसऱ्या वर्षी त्यांनाच दिली. त्यांच्याकडे लोखंडी कपाट होतं, सपाट खणांचं, ओल न येणारं. आमच्या दिवाणाखाली चित्रांचं भलं झालं नसतं. देण्याआधी पेंटरकाकांना विचारलं. ते कमळाला कड देता देता म्हणाले, "ती माझी न्हायत. कुनाकुनाची हायत. द्या." गठ्ठा गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दिवाण मोकळा झाला," आणि संध्याकाळपर्यंत तिथे काहीच ठेवलं नाही.

लुगड्यातली बाई माझ्याकडेच राहिली. काकांनी ती परत घ्यायला नकार दिला, काकूंना भिंतीवर नको होती. मी तिला त्या पांढऱ्या आम्लविरहित कागदात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. दर दिवाळीच्या साफसफाईला काढून बघायची. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी दिसलं की पोस्टर कलरवर ऑइल पेंट नीट धरत नाहीये. खांद्यापाशी चोळीला बारीक भेगा गेल्या होत्या. एका ठिकाणी खपली निघाली होती आणि खालून अंगाचा रंग दिसत होता. नखाएवढा.

आता काय करायचं? पुण्याला विचारलं असतं तर ते म्हणाले असते, हात लावू नका. मी पुन्हा पेणकरपाड्याला गेले. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं पण हात थरथरायला लागला होता, ट्रकचं काम त्यांनी सोडलं होतं. ते झोपले होते. मी चित्र काकूंनाच दाखवलं आणि खांद्याकडे बोट केलं.

"काका उठले की विचारते. जमेल तेवढं नीट करतील का?"

काकूंनी चित्र दोन्ही हातांत धरून लांब नेलं, जवळ आणलं. खांद्यावरून अंगठा फिरवला. मी दचकले. मग त्या हसायला लागल्या. मोठ्याने नाही, पण खांदे हलतील एवढं.

"केवढी बारीक होती मी," त्या म्हणाल्या. "बघा ना."

"मग... हे दुरुस्त करायचं?"

"राहू दे. कशाला आता." त्यांनी चित्र मला परत दिलं आणि उठल्या. "बसा, भाकरी टाकते. कोलंबीचं कालवण हाय."

त्या खरंच विसरल्या होत्या, की वय झाल्यामुळे त्यांना आता त्याचं काही वाटत नव्हतं, की मला बरं वाटावं म्हणून त्या हसल्या, मला सांगता येणार नाही. मी जेवले. कालवण तिखट होतं. काका उठले, माझ्याशेजारी बसून जेवले, आणि काकूंनी पाकीट त्यांच्या नजरेला पडणार नाही असं दारामागे उभं करून ठेवलं.

घरी आल्यावर मी पाकिटावर चिठ्ठी लावायला बसले. पुण्याच्या गृहस्थांनी शिकवलं होतं, प्रत्येक वस्तूवर लिहून ठेवायचं: काय आहे, कोणी केलं, सध्या कशा अवस्थेत आहे. पहिल्या दोन ओळी लिहिल्या. तिसरीला अडले. 'खराब' लिहिलं, खोडलं. 'दुरुस्त केलेलं' लिहिलं, तेही खोडलं. सासूबाईंनी विचारलं, "एवढं काय लिहितेस?" मी त्यांना चिठ्ठी दाखवली. त्या म्हणाल्या, "मग नको लिहूस."

ती ओळ रिकामीच आहे.